सेल्सिअस, फॅरनहाइट, केल्विन: तापमानाच्या रूपांतराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी, पालक, भाषांतरकार आणि प्रयोगशाळेत काम करणारी मंडळी मला हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. ते शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे एकाचा धागा दुसऱ्यात जातो तिथे प्रश्न क्रमांक दिला आहे. सूत्रांमध्ये से म्हणजे सेल्सिअस, फॅ म्हणजे फॅरनहाइट आणि के म्हणजे केल्विन.

आधी एकच गोष्ट लक्षात घ्या. तापमानाची कोणतीही पट्टी बनवताना दोन निर्णय घ्यावे लागतात: शून्य कुठे मांडायचं आणि एक पायरी केवढी धरायची. रूपांतरात होणाऱ्या बहुतेक चुका या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे होतात.

१. सेल्सिअसचं फॅरनहाइट आणि फॅरनहाइटचं सेल्सिअस कसं करायचं? नेमकं सूत्र सांगा.

फॅ = (से × १.८) + ३२
से = (फॅ − ३२) ÷ १.८

पुस्तकात १.८ ऐवजी ९/५ लिहिलेलं असतं, दोन्ही एकच. २५ °से चं उदाहरण घ्या: २५ × १.८ = ४५, त्यात ३२ मिळवले की ७७ °फॅ. उलट जाताना ७७ मधून आधी ३२ वजा करा, ४५ उरतात, त्यांना १.८ ने भागा, २५ मिळतात.

क्रम फार महत्त्वाचा आहे. जाताना आधी गुणाकार आणि मग बेरीज. येताना आधी वजाबाकी आणि मग भागाकार. कपडे घालताना आधी मोजे आणि मग बूट, काढताना आधी बूट आणि मग मोजे, तसंच हे. कंस विसरून ७७ − ३२ ÷ १.८ असं कॅल्क्युलेटरवर टाकलंत तर ५९.२ येईल, आणि तो आकडा दिसायला इतका साधा असतो की चूक लक्षातही येत नाही.

२. पण हे १.८ आणि ३२ आले कुठून?

पाणी गोठण्यापासून ते उकळण्यापर्यंतचं अंतर सेल्सिअस पट्टीवर १०० पायऱ्यांचं आहे, फॅरनहाइटवर ते ३२ पासून २१२ पर्यंत म्हणजे १८० पायऱ्यांचं. १८० भागिले १०० म्हणजे १.८. ही झाली पायरी. ३२ हा शून्याच्या जागेतला फरक: सेल्सिअसचं शून्य जिथे आहे तिथे फॅरनहाइट आधीच ३२ पायऱ्या वर चढलेला असतो.

३२ हा विचित्र आकडा कसा आला, हेही सांगायला हवं. डॅनिएल गाब्रिएल फॅरनहाइट यांनी १७२४ मध्ये आपली पट्टी मांडली तेव्हा बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला शून्य धरलं. नुसत्या बर्फ-पाण्याला ३२ आणि निरोगी माणसाच्या शरीराला ९६. पुढे पाण्याचा उत्कलनबिंदू २१२ वर पक्का केला गेला आणि शरीराचा आकडा थोडा वर सरकला (प्र. ५ पाहा).

अँडर्स सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये मांडलेली पट्टी आजच्या उलट होती. तिच्यात पाणी शून्याला उकळायचं आणि १०० ला गोठायचं. काही वर्षांतच ती फिरवली गेली.

३. केल्विन करताना २७३ मिळवायचे की २७३.१५? आणि ‘अंश केल्विन’ म्हणायचं का?

के = से + २७३.१५. हा आकडा अचूक आहे, त्यात पुढे दशांश स्थळं लपलेली नाहीत. केल्विनची पायरी सेल्सिअसएवढीच आहे, फक्त शून्य खाली सरकवून निरपेक्ष शून्यावर, म्हणजे थंडीच्या शेवटच्या मर्यादेवर नेलं आहे. त्यामुळे इथे गुणाकार नाही, निव्वळ बेरीज.

शाळेच्या गणितात २७३ चालतात, कारण दिलेली तापमानंच पूर्णांकात असतात. आकडा दशांश स्थळासह मोजलेला असेल तर २७३.१५ घ्या. सूर्याच्या केंद्रातलं तापमान सुमारे दीड कोटी केल्विन आहे. तिथे २७३ मिळवले काय आणि वजा केले काय, काही फरक पडत नाही.

फॅरनहाइटवरून केल्विनला जायचं तर आधी सेल्सिअस करा. थेट सूत्र हवंच असेल तर के = (फॅ + ४५९.६७) ÷ १.८.

‘अंश केल्विन’ म्हणू नका. १९६७ पर्यंत तसं म्हणत, तेव्हापासून एककाचं नाव नुसतं ‘केल्विन’ आहे आणि आकड्यामागे अंशाचं छोटं वर्तुळ लावत नाहीत. ३०० के लिहायचं, वाचताना ‘तीनशे केल्विन’.

४. ‘दुप्पट करा आणि ३० मिळवा’ ही युक्ती बरोबर आहे का?

हवेचा अंदाज घ्यायला ठीक, तापासाठी मुळीच नाही. या युक्तीत १० °से ला उत्तर तंतोतंत येतं (५०). तिथून जितकं दूर जाल तितकी चूक वाढते, दर १० अंशांमागे २ °फॅ. २० °से ला ती ७० सांगते, खरं उत्तर ६८. उणे १० °से ला १० सांगते, खरं उत्तर १४. आणि ३९ °से ला ती १०८ सांगते, खरं उत्तर १०२.२. १०२ आणि १०८ यांतला फरक माणसाची झोप उडवणारा आहे. हा आकडा वाचून रात्री घाबरून गेलेल्या पालकांचे प्रश्न मला आले आहेत, म्हणून इतकं ठासून सांगतो आहे.

तोंडी हिशेब करायचाच असेल तर दुसरी युक्ती वापरा, ती अचूक आहे. दुप्पट करा, त्यातून त्याचाच दहावा भाग वजा करा, मग ३२ मिळवा. ३९ ची दुप्पट ७८, दहावा भाग ७.८, उरले ७०.२, अधिक ३२ म्हणजे १०२.२. दुपटीतून दहावा भाग काढला की १.८ पटच उरते, त्यामुळे हा अंदाज नाही, सूत्रच आहे.

उलट येताना ३२ वजा करा, निम्मे करा, त्यात त्या निम्म्याचा दहावा भाग आणि शंभरावा भाग मिळवा. १०२ साठी: ७०, मग ३५, मग ३५ + ३.५ + ०.३५ = ३८.८५. खरं उत्तर ३८.८९. इतपत फरक कुठल्याही घरगुती तापमापीच्या चुकीच्या मर्यादेत बसतो.

खुणेसाठी दोन जोड्या पाठ ठेवा: १६ °से म्हणजे जवळपास ६१ °फॅ, आणि २८ °से म्हणजे जवळपास ८२ °फॅ. आकडे फक्त उलटे होतात.

५. तापमापीवर १०१ दिसतंय. सेल्सिअसमध्ये किती? आणि ९८.६ हा आकडा इतका नेमका कसा?

१०१ °फॅ म्हणजे ३८.३ °से. बाकीचे आकडे असे:

९७ °फॅ = ३६.१ °से
९८.६ °फॅ = ३७ °से
१०० °फॅ = ३७.८ °से
१००.४ °फॅ = ३८ °से
१०२ °फॅ = ३८.९ °से
१०३ °फॅ = ३९.४ °से
१०४ °फॅ = ४० °से
१०५ °फॅ = ४०.६ °से

यातला १०४ म्हणजे ४० हा पाठ करण्यासारखा आहे. दोन्ही बाजूंना पूर्णांक येतात आणि घाईच्या वेळी तो आधाराला येतो.

९८.६ बद्दल लोकांचा समज असा की कुणीतरी दशांशापर्यंत मोजून हा आकडा काढला. तसं नाही. कार्ल वुंडरलिष या जर्मन डॉक्टरांनी १८६८ मध्ये निरोगी शरीराचं तापमान म्हणून ३७ °से हा आकडा रूढ केला. ३७ हा गोळाबेरीज आकडा, त्याचं फॅरनहाइट केलं की ९८.६ येतं. म्हणजे नेमकेपणा रूपांतरातून आला, मोजमापातून नव्हे. निरोगी माणसाचं तापमान दिवसभरात खाली-वर होत असतं आणि माणसागणिकही वेगळं असतं. ९८.२ दिसलं म्हणून काही बिघडलं असं नाही. (पूर्णांकांच्या अशा गमती प्र. ११ मध्येही आहेत.)

६. तापमान २ °से ने वाढलं. म्हणजे ३५.६ °फॅ ने वाढलं ना?

नाही. ३.६ °फॅ ने वाढलं. या पानावर एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

‘तापमान २ °से आहे’ आणि ‘तापमान २ °से ने वाढलं’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्यात पट्टीवरची जागा सांगितली आहे, दुसऱ्यात दोन जागांमधलं अंतर. जागा बदलताना शून्याचा फरक धरावा लागतो, म्हणून ३२ मिळवायचे. अंतर मोजताना तो फरक दोन्ही टोकांना सारखाच येतो आणि वजाबाकीत निघून जातो. उरते फक्त पायरी, म्हणजे १.८.

ताळा करून पाहा. २० °से म्हणजे ६८ °फॅ, २२ °से म्हणजे ७१.६ °फॅ. फरक ३.६.

एका लेखाचा मसुदा माझ्याकडे तपासायला आला होता. २०१५ च्या पॅरिस करारातली १.५ °से ची मर्यादा त्यात ‘म्हणजे ३४.७ अंश फॅरनहाइटची वाढ’ अशी समजावली होती. लिहिणारा माणूस अभ्यासू होता, त्याने फक्त आकडा मोबाइलच्या रूपांतरकात टाकला होता. रूपांतरकाला कसं कळणार की हा वाढीचा आकडा आहे? खरं उत्तर २.७ °फॅ. पृथ्वी ३४.७ °फॅ ने तापली तर काय होईल, याचा क्षणभर विचार केला असता तर चूक पकडली गेली असती.

म्हणून वाक्यात ‘ने वाढलं’, ‘ने घटलं’, ‘पेक्षा जास्त’, ‘इतका फरक’ असं काही दिसलं की ३२ विसरा. केल्विनलाही हेच लागू: २ °से ची वाढ म्हणजे २ के ची वाढ, २७५.१५ के ची नव्हे.

७. उपकरणावर ±०.५ °से लिहिलं आहे. फॅरनहाइटमध्ये ती अचूकता किती?

±०.९ °फॅ. हाही फरकच आहे, म्हणून नियम प्र. ६ चाच.

‘प्रति °से’ अशा एककांचा हिशेब मात्र उलटा होतो. पोलादाची लांबी दर °से मागे साधारण १२ दशलक्षांशाने वाढते. फॅरनहाइटची पायरी लहान, म्हणून दर °फॅ मागची वाढही कमी: १२ ÷ १.८, म्हणजे सुमारे ६.७ दशलक्षांश. ‘प्रति °से’ आणि ‘प्रति के’ यांत काहीच बदलायला नको.

८. काल १० अंश होते, आज २०. आज दुप्पट उष्ण आहे असं म्हणता येईल?

नाही. तेच दोन दिवस फॅरनहाइटमध्ये ५० आणि ६८ होतात. हवा तीच, पण ‘दुप्पट’ गायब झाली. शून्य कुठे मांडलं यावर जी पट अवलंबून राहते, तिला अर्थ नसतो.

पट काढायचीच असेल तर केल्विनमध्ये काढा, कारण तिथलं शून्य माणसाने सोयीसाठी मांडलेलं नाही. २८३.१५ वरून २९३.१५, म्हणजे जेमतेम साडेतीन टक्क्यांची वाढ.

९. गणितात केल्विन कधी लागतंच आणि सेल्सिअस कधी चालतं?

सूत्रात तापमान स्वतः गुणलं, भागलं किंवा घातांकित केलं जात असेल तर केल्विनच. सूत्रात फक्त दोन तापमानांची वजाबाकी असेल तर दोन्ही चालतात.

पहिल्या प्रकारात वायूचे नियम येतात. स्थिर दाबाखाली एक लिटर वायू २७ °से वरून १२७ °से पर्यंत तापवला. १२७ भागिले २७ करणाऱ्या विद्यार्थ्याला ४.७ लिटर मिळतात. खरं उत्तर ४०० भागिले ३००, म्हणजे १.३३ लिटर. उत्सर्जनाच्या नियमात तर तापमानाचा चौथा घात असतो: वस्तू २७ °से वरून ३२७ °से ला नेली की केल्विन दुप्पट होतं आणि बाहेर पडणारी ऊर्जा १६ पट.

दुसऱ्या प्रकारात ‘वस्तुमान × विशिष्ट उष्मा × तापमानातील फरक’ हे नेहमीचं सूत्र. तिथे केल्विन केलंत तर चूक नाही, फक्त श्रम वाया.

१०. सेल्सिअस आणि फॅरनहाइट सारखे कुठे होतात? आणि उणे तापमानाचं गणित दर वेळी चुकतं, काय करू?

उणे ४० ला दोन्ही सारखे. या बिंदूतून एक सुंदर पद्धत निघते आणि उणे चिन्हाचा घोळही ती बराच मिटवते: आधी ४० मिळवा, मग फॅरनहाइट हवं तर १.८ ने गुणा, सेल्सिअस हवं तर भागा, शेवटी ४० वजा करा. दोन्ही दिशांना पायऱ्या त्याच.

उणे १० °से घ्या: ३० × १.८ = ५४, वजा ४०, म्हणजे १४ °फॅ. १० °फॅ घ्या: ५० ÷ १.८ = २७.८, वजा ४०, म्हणजे उणे १२.२ °से. नेहमीच्या सूत्रात १० − ३२ चं उत्तर उणे येतं आणि तिथेच चिन्ह हरवतं.

फॅरनहाइट आणि केल्विन सुमारे ५७४.५९ ला भेटतात. सेल्सिअस आणि केल्विन कधीच भेटत नाहीत, कारण पायरी सारखी असल्याने त्यांच्यातलं अंतर कायम २७३.१५ राहतं.

११. ७१ °फॅ चं सेल्सिअस केलं, परत फॅरनहाइट केलं, तर ७२ आलं. असं का?

मधे पूर्णांक केलात म्हणून. ७१ °फॅ म्हणजे २१.६७ °से, तुम्ही २२ धरलंत, आणि २२ °से म्हणजे ७१.६ °फॅ, ते झालं ७२. सेल्सिअसची पायरी मोठी असल्याने फॅरनहाइटचे सगळे पूर्णांक तिच्या पूर्णांकांत मावत नाहीत. मधल्या आकड्यात एक दशांश स्थळ ठेवलंत तर पूर्णांक फॅरनहाइट जसाच्या तसा परत येतो. मूळ नोंद ज्या एककात घेतली तीही जपून ठेवा.

उलट टोकही गाठू नका. कुणी ‘साधारण ७० °फॅ’ म्हटलं असेल तर ‘२१.१११ °से’ लिहू नये. ‘साधारण २१’ पुरे.

१२. सेंटिग्रेड आणि सेल्सिअस वेगळे आहेत का?

रोजच्या व्यवहारात एकच. १९४८ मध्ये अधिकृत नाव सेल्सिअस झालं.

१३. कुठे २७३.१५ दिसतं, कुठे २७३.१६. छापण्याची चूक आहे का?

दोन्ही बरोबर, पण आकडे दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत. २७३.१५ के म्हणजे ० °से. २७३.१६ के म्हणजे पाण्याचा त्रिक बिंदू, जिथे बर्फ, पाणी आणि वाफ एकत्र स्थिर राहतात, म्हणजे ०.०१ °से. रूपांतरात नेहमी पहिलाच आकडा वापरायचा.

१९५४ ते २०१९ केल्विनची व्याख्या त्रिक बिंदूवरच उभी होती. २० मे २०१९ पासून ती बोल्ट्झमन स्थिरांकाला (तापमान आणि ऊर्जा यांना जोडणाऱ्या आकड्याला) १.३८०६४९ × १०⁻²³ जूल प्रति केल्विन हे अचूक मूल्य देऊन केली जाते. या बदलामुळे रूपांतराची सूत्रं तसूभरही हललेली नाहीत.

यातून आणखी एक गोष्ट निघते. पाणी १०० °से ला उकळतं, ही आता व्याख्या उरलेली नाही. आजच्या मापनानुसार सामान्य वातावरणीय दाबाला ते सुमारे ९९.९७ °से ला उकळतं. उंच ठिकाणी दाब कमी म्हणून त्याहून खूप आधी उकळतं, पण तो पाण्याचा गुण, पट्टीचा दोष नाही.

१४. जुन्या पुस्तकात ‘रोमर’ आणि अभियांत्रिकीच्या तक्त्यात ‘रँकिन’ आहे. ते कसं बदलू?

रोमर पट्टी १७३० ची, पाणी शून्याला गोठतं आणि ८० ला उकळतं. सेल्सिअसला ०.८ ने गुणलं की रोमर, रोमरला १.२५ ने गुणलं की सेल्सिअस.

रँकिन म्हणजे फॅरनहाइटच्या पायऱ्यांचा केल्विन. फॅ मध्ये ४५९.६७ मिळवा, किंवा केल्विनला १.८ ने गुणा. ३०० के म्हणजे ५४० रँकिन.

१५. बल्बच्या खोक्यावर ४००० के लिहिलंय. म्हणजे तो ३७२७ °से ला तापतो?

नाही, आणि इथे रूपांतर करूच नका. तो आकडा प्रकाशाच्या रंगाचा आहे. एखादी आदर्श काळी वस्तू ४००० के ला तापवली तर तिच्या प्रकाशाची जी छटा दिसेल, साधारण तीच छटा या बल्बची, इतकाच अर्थ. २७०० के पिवळसर, ६५०० के निळसर पांढरा. तारेच्या जुन्या बल्बमध्ये तार खरोखरच २७०० के च्या आसपास तापलेली असे. एलईडीत तसं काही नसतं.

१६. माझा प्रोग्रॅम प्रत्येक तापमानात नुसते ३२ मिळवतो. सूत्र तर बरोबर आहे!

बऱ्याच संगणकीय भाषांमध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकातच येतो. ९/५ लिहिलंत की १.८ ऐवजी १ मिळतो आणि २५ °से चे ५७ °फॅ होतात. उलट दिशेला ५/९ चं उत्तर शून्य, म्हणून काहीही टाकलं तरी ० °से. ९.०/५.० किंवा थेट १.८ लिहा. तपासायला तीन आकडे पुरतात: ० ला ३२, १०० ला २१२, उणे ४० ला उणे ४०.

सोबत एक अट घाला: उत्तर उणे २७३.१५ °से किंवा उणे ४५९.६७ °फॅ च्या खाली गेलं तर ते नाकारायचं.

१७. पण केल्विन उणे असू शकतं असं वाचलं. मग वरची अट चुकीची?

अट बरोबर आहे, तुमच्या तापमापीला आणि प्रोग्रॅमला ती लागूच आहे. तुम्ही वाचलंत तेही खरं आहे. १९५१ मध्ये पर्सेल आणि पाउंड या भौतिकशास्त्रज्ञांनी लिथियम फ्लोराइडच्या स्फटिकातल्या अणुकेंद्रांच्या चुंबकीय फिरकीला अशा स्थितीत नेलं की वरच्या ऊर्जेच्या पातळीवर जास्त केंद्रं होती आणि खालच्या पातळीवर कमी. तापमानाची काटेकोर व्याख्या अशा व्यवस्थेला लावली की आकडा उणे येतो. ज्या व्यवस्थेत ऊर्जेला वरची मर्यादा असते, तिथेच हे शक्य होतं.

अशी व्यवस्था निरपेक्ष शून्याहून थंड नसते. उलट, कोणत्याही धन तापमानाच्या वस्तूला ती चिकटवली तर उष्णता तिच्यातून बाहेर जाते, म्हणजे ती सगळ्यांहून उष्ण ठरते. त्यामुळे उणे ५ के मधून २७३.१५ वजा करून ‘उणे २७८.१५ °से’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला ते अतिथंड वाटेल आणि अर्थ पुरता उलटा होईल. तो आकडा केल्विनमध्येच ठेवायचा.